जमादार दुर्गोजीचा शेवटचा भाग

सुब्बराव रंगाऱ्यांनी आयुष्यात किती खून रंगवले याची गणती त्यांनी स्वतःही कधी केली नाही. पुढे बंगळूर-मद्रासचे प्रकाशक त्यांच्या दाराशी येऊ लागले, तेव्हा भुताटकीचे बंगले, दरोडेखोर, विषाचे पेले, तोंड झाकलेले हेर असलं काही हवं असलं की "म्हैसूरच्या सुब्बरावांकडून चित्रं करून घ्या" हे ठरलेलंच असायचं. माणूस इतका पापभीरू की ढेकूण मारायलासुद्धा बायकोला हाक मारायचा, आणि नाव झालं ते सुऱ्यांवर नि रक्ताच्या थारोळ्यांवर. पण म्हातारपणी कुणी त्या मोठ्या प्रकाशकांचा विषय काढला की ते हात झटकून टाकत. "ते सगळं पोटासाठी," म्हणत. "काम केलं ते लष्कर मोहल्ल्यात." एवढं बोलून ते डोळे मिटून घेत. मग समोरच्यानं ओळखावं की आता कॉफी मिळेल, पण लवकर सुटका नाही.

लष्कर मोहल्ल्यात जुन्या शिलेदारांची घरं होती. कधीकाळी घोड्यांवरून या मुलखात आलेली मराठा घराणी. घोडे गेले, इनामं गेली, मिशा आणि बायकांचा गोषा तेवढा राहिला. फत्तेसिंगराव अशाच एका घरातले, राजवाड्याच्या पागेत जमादार. सुब्बरावांचं घर मात्र रंगाऱ्यांचं. लाकडी ठशांनी कापडावर वेलबुट्टी छापायची आणि निळीच्या हौदात कोपरापर्यंत हात बुडवायचे, हा पिढीजात धंदा. विलायती छापील कापड बाजारात आल्यापासून ठशांना कोणी विचारत नव्हतं. थोरले भाऊ रोज ऐकवत, "ती छिन्नी ठेव नि हौदावर ये." पण सुब्बरावांचा जीव छिन्नीतच अडकलेला. अशात फत्तेसिंगरावांनी एका जत्रेत चादरीच्या किनारीवर एक हत्ती पाहिला आणि विचारलं, "हा हत्ती ज्यानं कोरला त्याला माणूस कोरता येईल का?" सुब्बरावांनी उभ्या जन्मात माणूस कोरला नव्हता. "येईल की!" ते म्हणाले.

फत्तेसिंगराव तेव्हा नंजुंडय्यांच्या छापखान्यातून दर महिन्याला एक कानडी पुस्तिका काढत. तिचा नायक जमादार दुर्गोजी, घोड्यावरून फिरणारा गुप्तहेर. अख्ख्या म्हैसुराला तिनं वेड लावलं होतं. देवराज मार्केटात सुतळीवर टांगलेल्या पुस्तिका दिवस मावळायच्या आत संपत. ज्यांना वाचता येत नसे ते वाचून घेत. फत्तेसिंगरावांचे काका मानाजीराव, पेन्शनीत निघालेले रिसालदार, त्यांतलेच. त्यांना मोडी येई, कानडी अक्षर येत नसे. कट्ट्यावर पोस्टमनला धरून बसवत, अख्खा भाग ऐकत आणि शेवटी "पुतण्या कुणाचा!" म्हणून मिशीवरून हात फिरवत. टपाल उशिरा पोचे ते वेगळं.

पहिल्या दिवशी सुब्बराव पाटी-पेन्सील घेऊन फत्तेसिंगरावांच्या सोप्यावर बसले. कोपऱ्यात फत्तेसिंगरावांच्या आई भवानीबाई सुपारी कातरत होत्या.

"चित्र काढायचं तर मला खुनी दिसला पाहिजे, राव," सुब्बराव म्हणाले. "अंगात काय घातलंय त्यानं?"

फत्तेसिंगरावांनी आढ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं. "घातलं असेल की काहीतरी. नागडा कशाला येईल?"

"काळी घोंगडी," आतल्या दारावरच्या बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून एका बाईचा आवाज आला. "आणि पायात काही नाही. आवाज होतो म्हणून वहाणा विहिरीपाशी काढून आलाय तो. दादा, स्वतः लिहिलेलं विसरलात काय?"

फत्तेसिंगरावांना एकाएकी खोकला झाला. सुब्बराव रंगारी असतील, खुळे नव्हते. त्यांनी पाटी उचलली आणि चिकाकडे तोंड करून बसले. त्या दिवसापासून ते तसेच बसले.

आतल्या बाई म्हणजे फत्तेसिंगरावांची धाकटी बहीण गिरिजाबाई. लहानपणी लग्न झालं आणि नवरा म्हणजे काय ते कळायच्या आत कपाळ पुसलं गेलं. भावानं घरी आणलं, पडद्याच्या गाडीतून मुलींच्या शाळेत घातलं, तिथं कानडी पक्कं झालं. आजोबांकडून ऐकलेल्या चोऱ्या-दरोडे, भावानं पागेतून आणलेल्या कुचाळक्या, आणि चिकाच्या फटींतून दिसणारा रस्ता, एवढ्या भांडवलावर बाईनं दुर्गोजी उभा केला होता. शिलेदाराघरच्या विधवेनं खुनाच्या गोष्टी लिहायच्या आणि त्या बाजारात सुतळीवर टांगायच्या, हे फुटलं असतं तर मानाजीरावांनी मोहल्ला डोक्यावर घेतला असता. म्हणून नाव भावाचं. फत्तेसिंगराव मनानं फार चांगले. बहिणीला कागद-शाई कधी कमी पडू दिली नाही. पण लोक रस्त्यात वाकून नमस्कार करू लागले तशी त्यांच्या मिशीची टोकं वर चढली, हेही खरंच.

काय दिवस होते ते! दुपारी ऊन अंगणात उतरलेलं असायचं. सुब्बराव चित्र काढून चिकाखालून आत सरकवत. थोड्या वेळानं ते परत येई, कोळशानं खुणा केलेलं. "सुब्बण्णा, ह्याचे डोळे स्वल्प बारीक करा. चोर आहे तो, जावई नाही." सुब्बराव डोळे बारीक करत. फत्तेसिंगराव तोवर भिंतीला टेकून घोरत असत. मग त्याच चिकाखालून कॉफीचा पेला बाहेर येई, आणि पेल्याबरोबर शाईनं काळवंडलेली दोन बोटं दिसत. बाईंची सुब्बरावांना ठाऊक असलेली ओळख एवढीच. आवाज आणि बोटं. पण त्या आवाजानं त्यांना जे शिकवलं ते कुठल्या चित्रशाळेत शिकवत नाहीत: भीती सुरीत नसते, दाराच्या फटीत असते. पुढे जन्मभर त्यांनी फटी काढल्या आणि लोक त्यांना वाखाणत राहिले.

मग आली ती येलवालच्या बंगल्याची गोष्ट. हुणसूरच्या रस्त्यावर येलवालला एक एकाकी बंगला, त्यात एका धनाढ्य कॉफी-मळेवाल्याचा खून, संशय खानसामा, भाचा नि मुनीम अशा तिघांवर. माळ्याच्या बायकोनं खिडकीतून पाहिलं, पण तिला दिसली ती खुन्याची पाठ आणि सुरी धरलेला हात. खुनी डावखुरा, ही गोष्टीची किल्ली. गिरिजाबाईंनी ती मजकुरात एका शब्दानं सांगितली नाही. "लिहून सांगितलं तर दगडालाही कळेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही चित्रात सांगा. ज्याला डोळे आहेत तो बघेल."

आपल्या चित्रावर एवढा भरवसा! सुब्बरावांनी देवाचं नाव घेऊन ठसा कोरला. डाव्या हातात सुरी, अंगठ्याचं नखसुद्धा दिसावं अशी. दसऱ्याच्या घाईत छापखान्यानं नमुना न दाखवताच पुस्तिका छापली. सुब्बराव मार्केटात गेले, सुतळीवरून एक प्रत काढली आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. सुरी उजव्या हातात होती.

झालं होतं ते रंगाऱ्यालाच होणारं. ठसा लाकडावर जसा कोरावा त्याच्या उलटा कागदावर उमटतो. पण कापडाच्या धंद्यात हे कुणी मनावर घेत नाही. कुयरी डावीकडे वळली काय नि उजवीकडे वळली काय, नेसणारीला दोन्ही सारखीच. आजवरच्या चित्रांत घोडा पूर्वेला धावायचा तो पश्चिमेला धावला, कुणाचं काय बिघडलं? इथं मात्र गळा कापला गेला. दुकानापाशी उभे असलेले दोघेजण आधीच म्हणत होते, "बघा, उजवा हात! म्हणजे खानसामाच!"

सुब्बराव लष्कर मोहल्ल्यात पोचले ते रडवेले होऊन. "अक्कासाहेब, मी तुमच्या गोष्टीचं वाटोळं केलं," म्हणत त्यांनी पुस्तिका चिकाखालून आत सरकवली. आता हौदावर जायचं आणि मरेपर्यंत कोपर निळं करून घ्यायचं, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं. भवानीबाईंचा अडकित्ता थांबला. मग चिकाआडून हसू ऐकू आलं. आधी दबलेलं, मग चांगलं खळखळून.

"सुब्बण्णा," गिरिजाबाई म्हणाल्या, "त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात मोठा विलायती आरसा आहे, हे लिहायचं माझं राहूनच गेलं बघा. माळ्याच्या बायकोनं खिडकीतून पाहिलं ते आरशात पाहिलं. तिला कळलंच नाही तो आरसा आहे ते. तुम्ही तिला दिसलं तेच काढलंत!"

सुब्बराव तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. खानसाम्याला बेड्या पडणार, गाव टाळ्या पिटणार, आणि शेवटच्या भागात दुर्गोजी माळ्याच्या बायकोला पुन्हा त्याच खिडकीशी उभं करणार. आधी रचलेल्या शेवटापेक्षा हा शेवट किती तरी सरस होता. चुकीचं सोनं करणारी माणसं फार नसतात. सुब्बरावांना एक भेटली होती आणि तिचा चेहरासुद्धा त्यांनी पाहिला नव्हता.

"दादांना सांगू नका हं," त्या म्हणाल्या. "ते पागेत बोलून टाकतील."

शेवटचा भाग लिहून व्हायच्या आतच फत्तेसिंगराव तापानं आजारी पडले आणि आठवड्याच्या आत गेले.

म्हैसूर हळहळलं. मार्केटात त्यांच्या पुस्तिकांना हार घातले गेले. शोकसभेत वक्ते रडले, म्हणाले, आता असा लेखक होणे नाही. सभेला गेलेले सुब्बराव खाली मान घालून बसले. फत्तेसिंगराव गेले याचं त्यांना खरोखर दुःख होतं. बिचारा दिलदार माणूस. पण लेखक घरी जिवंत बसलाय हे ठाऊक असून लेखकासाठी रडणं त्यांना जमेना. त्यात नंजुंडय्यांनी उठून जाहीर केलं, "वाचकांची निराशा होणार नाही. येलवालचा शेवटचा भाग एक विद्वान पंडित लिहून पुरा करणार आहेत." सभेनं टाळ्या वाजवल्या. सुब्बराव तसेच उठून बाहेर आले.

तेरावं झाल्यावर ते मोहल्ल्यात गेले. भवानीबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चिक तिथंच होता, पण कॉफी आली नाही.

"ऐकलं मी," आतून आवाज आला. "माझा दुर्गोजी पंडिताला दिला. मत्ते, मग मी कोण आता?"

"अक्कासाहेब, एक वाट आहे." सुब्बराव रात्रभर हेच घोकून आले होते. "माझं नाव घाला. तुम्ही लिहा, मी छापखान्यात नेऊन देतो. सांगतो, फत्तेसिंगरावांनी मला शेवट सांगितला होता. पुढच्या गोष्टीही माझ्या नावावर चालतील. कुणाला कळणार?"

हे ते बाईंच्या भल्यासाठीच बोलले. पण खरं सांगायचं तर बोलताना पुस्तिकेवर आपलं नाव ठळक अक्षरांत त्यांना दिसलं होतं आणि ते बरं वाटलं होतं. हौदावरच्या भावानंही ते वाचलं असतं.



"एका भावाबरोबर मी आत्ताच मेले, सुब्बण्णा," गिरिजाबाई म्हणाल्या. "लोक माझ्यासाठी रडले नि मी आत बसून ऐकलं. आता दुसऱ्या भावाच्या नावावर जगू, म्हणजे पुन्हा मरायला मोकळी. नको. बेडा."

सुब्बरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी न पाहिलेल्या बाईपुढे हात जोडले.

"नंजुंडय्यांना घरी घेऊन या," त्या म्हणाल्या. "काका बसलेले असतील तेव्हाच आणा. चोरून काही करायचं नाही."

नंजुंडय्या आले ते दुखवट्याला आल्यासारखे, उपरणं सावरत. सोप्यावर मानाजीराव बसले होते. घराचा कारभार आता त्यांच्याकडे होता. त्यांनी छापखानेवाल्यांना मानानं बसवलं आणि पुतण्याच्या आठवणीनं डोळे पुसले.

"पंडितांनी शेवट लिहून आणलाय," नंजुंडय्या म्हणाले. "खुनी खानसामा. चित्रात उजवा हात आहे, खानसामा उजवा, झालं."

"खानसामा निर्दोष आहे," चिकाआडून स्वच्छ कानडीत उत्तर आलं. "तुमच्या पंडितांनी चित्र पाहिलं, पण बाई कुठं उभी होती ते पाहिलं नाही. तिच्यासमोर आरसा होता."

परक्या पुरुषापुढे घरातल्या बाईचा आवाज! मानाजीराव ताडकन उठले. "गिरिजा! आत हो!"

"आतच आहे, काका," गिरिजाबाई मराठीत म्हणाल्या, आणि पुन्हा कानडीवर येऊन त्यांनी सगळं सांगितलं. खिडकी कुठे, आरसा कुठे, माळ्याच्या बायकोला काय दिसलं आणि काय दिसल्यासारखं वाटलं. विहिरीपाशी काढलेल्या वहाणांपासून दुर्गोजीच्या घोड्याच्या खोडीपर्यंत, कोणत्या महिन्यात काय छापून आलं ते सांगितलं. आणि शेवटी म्हणाल्या, "दुर्गोजी माझा आहे. पहिल्या भागापासून. दादांनी नाव दिलं, जीव मी दिला."

नंजुंडय्यांनी सुब्बरावांकडे पाहिलं. "हौदु, खरं आहे," सुब्बराव म्हणाले. "मी चित्रं काढली ती या आवाजावरून."

मानाजीरावांचा चेहरा लालबुंद झाला होता. घराण्याची अब्रू, मेलेला पुतण्या, चारचौघांत तोंड उघडणारी पुतणी, एवढं सगळं त्यांच्या मिशीच्या टोकाशी येऊन थरथरत होतं. सुब्बरावांना वाटलं, आता चिक फाटणार आणि लाथेनं आपण अंगणात जाणार.

"म्हणजे..." मानाजीरावांचा आवाज घोगरा झाला. "म्हणजे खुनी डावखुरा?"

"डावखुरा," गिरिजाबाई म्हणाल्या.

"पण अगं, बंगल्यात डावखुरे दोघं आहेत! भाचा आहे, नि तो मुनीम आहे!"

"आहेत ना."

"मग दोघांतला कोण?"

नंजुंडय्या नकळत पुढे सरकले. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या भवानीबाईंनीही कूस बदलली.

"ते छापून आल्यावर पोस्टमनकडून वाचून घ्या, काका," गिरिजाबाई म्हणाल्या. "आणि माझ्या नावानं निघालं तरच मी लिहीन. नाहीतर दोघांतला कोण ते कुणालाच कळायचं नाही."

मानाजीराव सोप्यावर येरझाऱ्या घालू लागले. चिकापाशी जात, काहीतरी पुटपुटत, परत फिरत. नंजुंडय्या गप्प होते. धंद्याच्या माणसाला कधी बोलू नये हे कळतं. शेवटी म्हातारा चिकाकडे पाठ करून उभा राहिला.

"घराण्याचं आडनाव घालायचं नाही," तो म्हणाला.

"नको," आतून उत्तर आलं. "नुसतं गिरिजाबाई पुरे."

"मग घाला हो तिचं नाव!" मानाजीराव नंजुंडय्यांवर खेकसले. "आणि ह्या महिन्यातच काढा. आता आणखी उशीर करू नका."

सुब्बराव बाहेर पडले तेव्हा मोहल्ल्यात ऊन कलत होतं. कट्ट्यापाशी पोचतात तोच मागून वहाणांचा आवाज आला. मानाजीराव लगबगीनं येत होते. त्यांनी सुब्बरावांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं आणि इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"चित्रकार, शेवटचं चित्र तुम्हालाच काढायचंय. म्हणजे तुम्हाला ठाऊक असणार. भाचा की मुनीम?"

"ठाऊक आहे, रिसालदारसाहेब."

"मग सांगा की! घरातल्याघरात काय लपवायचं?"

सुब्बरावांनी हात जोडले. "लेखिकेची परवानगी नाही," ते म्हणाले.

लेखिका हा शब्द भर रस्त्यात, त्या घराच्या कर्त्या पुरुषासमोर, सुब्बरावांच्या तोंडून मोठ्यानं निघून गेला होता. त्यांना वाटलं, म्हातारा आता भडकणार. मानाजीरावांनी त्यांचा दंड सोडला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तिला विचारल्याशिवाय कसं सांगणार."

म्हातारपणी सुब्बराव ही गोष्ट इथवर आणून सोडत. मग ते ऐकणाऱ्याचा रिकामा पेला उचलत आणि कॉफी सांगायला आत जात.